उगवतीकडचं दार

माझे यजमान सोमवारी दुपारी गेले. जेवण झाल्यावर ते खुर्चीवर बसले आणि पुन्हा उठले नाहीत.

काही महिन्यांनी हरमलहून नणंदेचा, शेवंतीचा फोन आला. "वयनी, चार दिस हांगा येऊन रव गो. एकटी काय भिंतीकडे उलयतंस (बोलतेस)?"

डिचोलीहून म्हापसा, तिथून धारगळवरून पेडणे. पेडण्याहून हरमलच्या बसमध्ये सवयीने मी कंडक्टरला "दोन" म्हणाले.

"दुसरो खंय (कुठे) आसा, बाय? छपरार?"

बस हसली, मीही हसले. मग हरमल येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले. काजूची टेकडी, भाताची कापलेली शेतं, शेवटी माडांमागे समुद्र.

शेवंती पर्यटकांना खोल्या भाड्याने देते. मोसम सरला होता. एकाच खोलीत माणूस होतं: युक्रेनहून आलेली ओक्साना, पन्नाशीची. "घोव (नवरा) लढायेत मेलो," शेवंती म्हणाली. "पूत खंय आसा, कोणाकच खबर ना."

रविवारी ओक्सानाकडे तिच्या देशातल्या आणखी दोघी आल्या. मेरीच्या तसबिरीपुढे तिघी बराच वेळ उभ्या राहून खालच्या आवाजात गात होत्या. रडल्या नाहीत. नंतर उंडे (गोल पाव) चहात बुडवून खाल्ले आणि त्या दोघी स्कूटरवरून गेल्या. मी सोप्यावर पुस्तक उघडून बसले होते. पान उलटलं नव्हतं.

संध्याकाळी शेवंतीने मला ओढतच त्या खोलीच्या दाराशी नेलं. आत ओक्साना होती आणि तसबिरीपुढे पेडण्याच्या बाजारातली पणती जळत होती. वात दक्षिणेकडे.

"बघ. ती न्हाणयेत गेली की हांव वात फिरयतां. ती येऊन परत तशीच करता. दोगींची झूज (लढाई) चालू आसा! तू विंग्रजी शिकयलेली टीचर मगो, सांग तिका."

मला सांगावंसं वाटेना. यजमानांच्या उशाशी तसा दिवा मीच लावला होता. पण ओक्साना आमच्या तोंडांकडे पाहत होती. मी इंग्रजीत सांगितलं, "आमच्याकडे दक्षिणेकडे वात मेलेल्या माणसासाठी करतात."

ती खाटेवर बसली. "दार तिकडे आहे," ती म्हणाली. "माझा मुलगा आंद्री आला तर त्याला उजेड दिसावा."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "तू तुझ्या माणसाचं तोंड पाहिलंस?"

"पाहिलं."

"मी नवऱ्याचं पाहिलं. मुलाचं नाही. गावच्या पाद्र्याने विचारलं, त्याचं नाव प्रार्थनेत जिवंतांमध्ये घेऊ की गेलेल्यांमध्ये? मी उत्तर दिलं नाही. तिथून निघाले. इथे मीच रोज घेते. जिवंतांमध्ये."

"काय म्हणता ती?" शेवंतीने मला कोपर मारलं. मी सगळं सांगितलं.

त्या खोलीला उगवतीकडे आणखी एक दार होतं; त्यापुढे नारळांची पोती रचलेली होती. शेवंतीने पदर खोचला. "मगे ह्या दारान येंवदी (येऊ दे) त्याका! बघत काय रवलंस, वयनी? धर!"

आम्ही तिघींनी पोती ओढली. कडी गंजली होती, खोबरेल घालून सुटली. बाहेर केळी होत्या आणि विहिरीकडे जाणारी वाट. ओक्सानाने पणती उचलून त्या दाराशी ठेवली आणि वात तिकडे फिरवली. मग शेवंतीकडे दुसरी पणती मागितली, पहिलीच्या जागी ठेवली आणि दक्षिणेकडे तोंड करून पेटवली. नवऱ्याचं नाव घेतलं. त्या वेळी मात्र ती रडली. शेवंतीने तिची पाठ चोळली, "रड गो बाय, रड," म्हणत. ते भाषांतर करायची गरज पडली नाही.

चार दिवसांनी मी डिचोलीला परतले. कुलूप काढून आत आले तेव्हा घर तसंच होतं. ओक्सानाचं आणि माझं दुःख सारखं आहे असं हरमलला आधी वाटलं होतं, ते खरं नव्हतं. मला कोणाची वाट पाहायची नव्हती.

आंद्रीची खबर अजून आलेली नाही. त्या दारापुढे शेवंतीने पुन्हा पोती रचलेली नाहीत.