खुंटीवरचा झेंडा, पिशवीतली रागी

फोन नंजुंडप्पांचा होता. नाव दिसलं तसा मला आधी रागच आला, कारण वर्षभर या माणसानं आमच्या घराकडं मान वळवून बघितलं नाही असं मी धरून चालले होते. मी गांधी बाजारात शेवग्याच्या शेंगा निवडत उभी होते. "अक्का, मेष्ट्रु उठत नाहीत," ते म्हणाले. मेष्ट्रु म्हणजे मास्तर, म्हणजे माझा थोरला भाऊ अण्णा. कुठून उठत नाहीत, असं मी वेड्यासारखं विचारलं. "खुर्चीतून. पेपर खाली पडलाय. मी इथनं हाका मारल्या..." इथनं म्हणजे रस्त्यापलीकडून, त्यांच्या पिठाच्या गिरणीच्या पायरीवरून. निवडलेल्या शेंगा मी तोलून घेतल्या, पैसे दिले, सुटे मोजून परत घेतले आणि मग ऑटो केली. असं का केलं ते मला अजून कळलेलं नाही. घरी पोचले तर गल्लीतले डॉक्टर आत होते, त्यांना नंजुंडप्पांनीच बोलावून आणलं होतं. ते स्वतः मात्र फाटकाच्या बाहेर उभे होते, भुवयांवर पीठ तसंच. मला वाट द्यायला ते बाजूला झाले. मी आत गेले. अण्णा गेला होता.

त्या दिवशी मला रडू आलं नाही. त्यानंतरही आलेलं नाही. बायका येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि मी त्यांना कॉफी हवी का विचारायची. अण्णाच्या आयुष्यात एकच गोष्ट अर्धी राहिली, ती म्हणजे नंजुंडप्पांशी पुन्हा बोलणं. ती कशी अर्धी राहिली तेवढं इथं सांगते. बाकी अण्णा कसा होता ते त्याच्या विद्यार्थ्यांनी शोकसभेत सांगितलंच आहे, आणि त्यांनी जरा जास्तच चांगलं सांगितलंय.

अण्णा बसवनगुडीतल्या एका कानडी शाळेत चित्रकला शिकवायचा. आमचं घराणं साडेतीनशे वर्षांपासून इथलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी, आणि स्वैपाकघरात दोन्हीची खिचडी. वडील सांगायचे की आपला मूळपुरुष मोठा सरदार होता. अण्णा हे ऐकून हसायचा. "सरदार कसला, घोड्यांच्या चंदीचा कारभारी असेल. आपल्या घरात सगळ्यांना हिशेब येतो, तलवार एकालाही धरता येत नाही." वडील चिडून ताटावरून उठायचे. अण्णाचा हा स्वभाव, खोड काढल्याशिवाय घास गिळायचा नाही. मला तो आयुष्यभर 'फौजदारीणबाई' म्हणाला, आणि मी नवरा गेल्यावर या घरात परत राहायला आले तेव्हा दारातच म्हणाला, "ये. भांडायला कोणी नव्हतं." एवढंच. मला त्या वेळी तेवढंच हवं होतं.

तर त्या मूळपुरुषाच्या नावानं आमच्याकडं एक झेंडा आहे. दोन टोकांचा, भगवा म्हणायचा, पण रंग आता पाणी जास्त झालेल्या चहासारखा झालाय. एका टोकाला कोणा पणजीनं खणाचं ठिगळ लावलंय. तो लढाईत होता, का देवळावर होता, का सामानाच्या बैलावर, हे कोणालाच माहीत नाही. वर्षभर तो कडुनिंबाच्या पाल्यात घडी घालून ट्रंकेत असायचा. खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, बाहेर काढून ओसरीवरच्या खुंटीला लावायचा. त्याच्याखाली पाटावर विळी, अडकित्ता, अण्णाचे ब्रश आणि माझी स्कूटरची किल्ली. हळदकुंकू, झेंडू, पुरणपोळी. आमची पूजा एवढीच.

आणि त्या दिवशी जेवायला नंजुंडप्पा. माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा हा रिवाज. पहिल्यांदा आले तेव्हा झेंड्याकडं बघून त्यांनी अण्णाला त्यांच्या आजीची गोष्ट सांगितली होती. त्यांच्या गावात म्हणे अशा झेंड्याचे स्वार यायचे आणि धान्य उचलून न्यायचे. म्हणून लोक रागी, म्हणजे नाचणी, जमिनीखालच्या पेवात ठेवायचे आणि वर गवत पसरून त्यावर म्हशी बांधायचे. आजीच्या आजीचं एक तान्हं पोर त्या धावपळीत पेवात उतरवलं आणि आतल्या कोंडलेल्या हवेनं गेलं. म्हणून त्यांच्या घरात अजून नवी रागी आली की पहिली मूठ त्या पोराच्या नावानं बाजूला काढतात. अण्णाला ती पोळी पुढं खाववली नाही. पुढच्या वर्षी नंजुंडप्पा स्वतःच गिरणीत दळलेल्या रागीची पिशवी घेऊन दारात उभे राहिले आणि तोंड अगदी गंभीर ठेवून म्हणाले, "कुदुरे बंद्वा?" घोडे आले का? अण्णानं क्षणभर बघितलं आणि तितक्याच गंभीरपणे उत्तर दिलं, "बंद्वु. हसिदिवे." आले, भुकेले आहेत. "मग खणू नका, मीच घेऊन आलोय." तेव्हापासून दरवर्षी हेच, एक शब्द इकडचा तिकडं नाही. दोघं म्हातारे झाले तरी हसताना एकमेकांच्या खांद्याला धरायचे. मी स्वैपाकघरातून म्हणायची, पुरे झालं नाटक, पोळ्या गार होतायत.

मग आमच्या समाजाचा हॉल नवा झाला. अध्यक्ष घरी आले, म्हणाले, अण्णा, झेंडा काचेच्या पेटीत ठेवू, नव्या पिढीला कळू दे. अण्णानं दिला. पेटी झाली, दिवा बसला, आणि खाली पाटी काय लिहायची यावर सगळं अडलं. दोन ओळींची पाटी. अध्यक्षांना हवं होतं, शौर्याचं आणि स्वाभिमानाचं प्रतीक. महादेवपुऱ्यात आयटीत नोकरी करणारा एक पुण्याचा मुलगा म्हणाला, सर, हेरिटेज म्हणा, कॉन्ट्रोव्हर्सी नको. हॉलच्या गल्लीतल्या कानडी मंडळींना कुणकुण लागली. ते म्हणाले, आमच्या गल्लीत लुटारूंची निशाणी दिवा लावून ठेवणार असाल तर पाटीवर तसं लिहा, नाहीतर काढून टाका. आमच्यातले काही म्हणाले, मग तुम्ही नोव्हेंबरात राज्योत्सवाला दुकानांवर लाल-पिवळा झेंडा लावायला लावता तो काय? दोन्हीकडची माणसं एकमेकांची रोजची गिऱ्हाइकं. शेवटी हॉलमध्ये सगळ्यांची सभा बोलावली. तिथं सगळे बोलले आणि कोणीच ऐकलं नाही. एकाला झेंड्यात देव दिसत होता, एकाला राज्य, एकाला दरोडा.

अण्णा उठला. मला तेव्हाच वाटलं, बस खाली. त्यानं खिशातून कागद काढून पाटी वाचली, आधी मराठीत, मग कानडीत. "या झेंड्याखाली आमचे पूर्वज इथं आले. तो बघून इथल्या काही गावांनी धान्य पुरलं. पुढं आम्हीही इथलेच झालो." खाली बसला असता तर निभावलं असतं. पण कोणीतरी ओरडलं, पुरावा काय? आणि अण्णानं माईकवर ती सगळी गोष्ट सांगितली. पेव, म्हशी, तान्हं पोर, मूठभर रागी. नाव घेऊन सांगितली. आमच्या समोरच्या गिरणीवाल्या नंजुंडप्पांच्या घरातली, म्हणाला. पुराव्याला नाव लागतं, हे त्याचं मास्तरी डोकं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर तेवढाच तुकडा फिरत होता. आमच्यातल्या काहींनी अण्णाला घरभेदी ठरवलं आणि अध्यक्षांनी झेंडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत पाठवला. त्याचं अण्णाला काही वाटलं नाही. पण गिरणीवर माणसं जायला लागली. कानडी बाजूची मंडळी म्हणाली, कॅमेऱ्यासमोर सांगा, तुमच्या घरातलं पोर यांनी मारलं. आमच्या बाजूच्या दोन-चार शहाण्यांनी ग्रुपवर टाकलं, त्या गिरणीत दळण टाकू नका. नंजुंडप्पांनी कोणालाच काही सांगितलं नाही, शटर अर्धं ओढून आत बसून राहिले. अण्णा रस्ता ओलांडून गेला. मी खिडकीत होते, दुपारची सामसूम होती, मला सगळं ऐकू आलं. अण्णा म्हणाला, मी तुमच्याच बाजूनं बोललो, खरं तेच बोललो. नंजुंडप्पा म्हणाले, "खरं होतं, मेष्ट्रे. पण ती गोष्ट मी तुम्हाला जेवताना सांगितली होती. माईकवर सांगायला दिली नव्हती." मग त्यांचा मुलगा आतून आला आणि म्हणाला, अप्पा, पुरे, आत चला. अण्णा परत आला, ओसरीवर बसला. मी म्हटलं, तुझं चुकलं. तो म्हणाला, "खोटं काय बोललो?" मी म्हटलं, खोटं बोलला असतास तर बरं झालं असतं.

मागच्या खंडेनवमीला त्यानं झेंडा खुंटीला लावला. दोन ताटं वाढायला सांगितली, माझं तिसरं. समोर गिरणी उघडी दिसत होती, यंत्राला झेंडूचा हार. नंजुंडप्पा पायरीवर बसलेले. अण्णा खुर्चीत बसलेला. मधे रस्ता, त्यावरनं हार घातलेल्या बसगाड्या आणि ऑटो जात होत्या. किती वेळ दोघं तसे बसले होते देव जाणे. मी म्हटलं, जा की, हाक मार. तो म्हणाला, "यायचं त्यांच्यावर आहे. मी एकदा जाऊन आलो." पोळ्यांवरचं तूप थिजलं. शेवटी तो म्हणाला, "सरी, बरं तर, जेवू या आपण," आणि दुसरं ताट त्यानं स्वतः उचलून आत नेलं. त्यानंतर तो गिरणीबद्दल बोलला नाही. मी पाकिटातलं पीठ आणायला लागले. त्याला ते आवडायचं नाही, तरी खायचा.

अण्णा गेल्यावर नंजुंडप्पांनी दिवसभर गिरणी बंद ठेवली, एवढं मला दिसलं. स्मशानात ते लांब उभे होते. तेराव्याला आले नाहीत. मला राग यायला हवा होता, पण काहीच येत नव्हतं. मी अण्णाचे ब्रश धुतले, वाळवले, परत धुतले. आता दसऱ्याच्या तोंडावर अध्यक्षांचा फोन आला. "अक्का, पेटी रिकामीच आहे हो. बरं दिसत नाही. पाटीचं पण जमलंय आता, दोन्हीकडच्यांना मान्य आहे. 'ऐतिहासिक ध्वज', बस. कोणाला काही लागायला नको." मी म्हटलं, न्या. खरंच म्हटलं. घरात यंदा सण नव्हता, झेंडा ट्रंकेत राहिला काय आणि पेटीत राहिला काय, मला सगळं सारखंच होतं. खंडेनवमीच्या संध्याकाळी माणूस पाठवतो म्हणाले.

त्या दिवशी सकाळी मी झेंडा काढून ठेवावा म्हणून ट्रंक उघडली. कडुनिंबाचा पाला पार चुरा झाला होता. नवा पाला अण्णा घालायचा, मला ते कधी सुचलंच नव्हतं. झेंडा हातात घेऊन मी ओसरीवर आले तर समोर नंजुंडप्पा पायरीवर बसलेले, मागं हार घातलेलं यंत्र, दारात फोडलेला कोहळा. ते माझ्याकडं बघत नव्हते. माझ्या मागच्या खुंटीकडं बघत होते. मला काय झालं कोण जाणे, पायात चपलाही न घालता मी तशीच रस्ता ओलांडून गेले. त्यांचा मुलगा मला बघून उठून उभा राहिला, पुढं यायला लागला. मी त्याच्याकडं बघितलंच नाही. नंजुंडप्पांसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "कुदुरे बंद्वु."

घोडे आले. हे वाक्य खरं तर अण्णाचं, आणि तेही उत्तराचं. मी आधीच म्हणून टाकलं.

नंजुंडप्पांनी झेंड्याकडं बघितलं, ठिगळाला बोट लावलं. मग विचारलं, "हसिदिवेया?" भुकेले आहेत का? मी मान हलवली. ते गुडघ्यावर हात देत उठले, आत गेले आणि यंत्रामागून दोन पिशव्या घेऊन आले. एक पांढरी स्वच्छ. दुसरी मळलेली, नाडी घट्ट बांधलेली. "ही यंदाची, काल दळली," ते म्हणाले. "मेष्ट्रु नाहीत हे माहीत होतं, तरी दळली. आणि ही... ही मागच्या वर्षीची. दळून तयार होती, पायरीवर माझ्या मांडीशीच होती. मेष्ट्रु हाक मारतील म्हणून बसून राहिलो." त्यांनी नाडी सोडून दाखवली. पिठाला जाळी धरली होती, आत अळ्या फिरत होत्या. "टाकवलं नाही. तुम्ही ही चांगली न्या, अक्का."

"दोन्ही द्या," मी म्हटलं.

ते माझ्याबरोबर आले, पिशव्या त्यांच्याच हातात. फाटकातून आत, ओसरीवर. चपला त्यांनी नेहमीच्या जागी काढल्या. झेंडा त्यांनीच खुंटीला लावला, ठिगळाचं टोक डावीकडं, अण्णा लावायचा तसं. पुरणपोळी नव्हती, सारभात होता. त्यांनी तो जेवून घेतला. अण्णाच्या खुर्चीत बसले नाहीत, समोरच्या त्यांच्या खुर्चीत बसले. ऊन उतरायला लागलं तरी बसून होते.

संध्याकाळी हॉलचा माणूस आला, फाटकात उभं राहून म्हणाला, अक्का, झेंडा न्यायला पाठवलंय. मी त्याला सांगितलं, अध्यक्षांना म्हणावं, झेंडा अजून वापरात आहे.