डावीकडची पावलं

मी पंचेचाळिशीची बाई आहे, बँकेत नोकरी करते आणि रविवारी दुपारी कॉम्प्युटरवर बंदूक घेऊन माणसं मारत सुटते. हसा खुशाल. आमच्या सोसायटीतल्या बायकाही हसतात. पण धाकटा भाऊ जर्मनीला गेल्यापासून फोनवर आमचं बोलणं ‘जेवलास का, थंडी आहे का’ याच्या पुढे जात नव्हतं. हा गेम सुरू झाला आणि आम्ही पुन्हा लहानपणीसारखे भांडायला लागलो. कानाला हेडफोन, तोंडाशी माईक आणि दोन तास नुसता कल्ला. आठवड्याभरात मला तेवढंच सुख होतं.

आणि तेच हातातून चाललं होतं. या गेममध्ये समोरचा दिसायच्या आधी त्याची पावलं ऐकू येतात. भाऊ ओरडायचा, “ताई, डावीकडे! अगं डावीकडे बघ!” आणि मी उजवीकडे वळून मरायचे. दर वेळी. माझ्या पाठोपाठ तोही मरायचा. आधी चिडायचा, ते बरं होतं. मग समजूतदारपणे बोलायला लागला. “ताई, आज तू आराम कर, मी ऑफिसच्या मित्रांबरोबर खेळतो.” असे लागोपाठ दोन रविवार गेले. मला इतकं लागलं की स्वयंपाकघरात जाऊन मी उगाच भांडी आपटली.

दोष कॉम्प्युटरचा, यात मला शंकाच नव्हती. व्हिडिओ बघून बघून डोकं पिकलं. एक म्हणतो, आवाज सुधारणारं वेगळं साउंड कार्ड बसवल्याशिवाय खेळूच नका. दुसरा म्हणतो, आता मशीनमध्येच चांगली सोय असते, कार्ड म्हणजे निव्वळ हौस. शेवटी म्हटलं, गेलं खड्ड्यात, हौस तर हौस. घ्यायचंच.

“मी बी येतो,” आप्पा म्हणाले. माझे वडील. साताऱ्याकडून आले आणि वाशीच्या मार्केटात नारळाच्या गाळ्यावर त्यांनी सगळी नोकरी काढली. नारळ कानाशी धरून हलवायचा, दुसऱ्या नारळावर ठोकायचा आणि न फोडता सांगायचं, हा भरलेला, हा खवट, ह्याचं पाणी आटलं. वाजवून बघितल्याशिवाय आप्पांनी आयुष्यात काही घेतलं नाही. माझ्या लग्नातलं कपाटसुद्धा त्यांनी आधी बडवून बघितलं होतं. तेव्हा नेरूळ स्टेशनजवळच्या त्या चकचकीत दुकानात ते काय म्हणाले असतील? “वाजवून दावा.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुकानदार मात्र भला माणूस. त्याने एकच हेडफोन आधी साध्या मशीनला लावला, मग कार्डवाल्या मशीनला, आणि दोन्हीवर तोच गेम चालवला. मी ऐकलं. कार्डावर आवाज जरा भरदार वाटला, पण पावलं? दोन्ही मशीनवर सगळी उजवीकडूनच. मग आप्पांनी टोपी काढून हेडफोन चढवला आणि डोळे मिटले.

“डावीकडनं कुणीतरी चाललाय,” ते म्हणाले. “बूट घातल्यात.” मग दुसऱ्या मशीनवर. “आता बी डावीकडनंच. जरा ठसठशीत हाय, येवढंच.” हेडफोन काढून त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि दुकानदाराला म्हणाले, “नगं. ऱ्हाऊ द्या.”

बाहेर पडल्यावर मी रस्त्यातच भडकले. “माझी कमाई, माझी हौस! तुम्ही कोण नको म्हणणारे? पंचाहत्तरीच्या माणसाला ऐकू येतं आणि मला येत नाही, म्हणजे मशीनच भंगार ना माझं?” इतकं स्वतःच्या तोंडाने बोलूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. शिरवणे गावाच्या बाजूला एका गाडीवर थांबून आप्पांनी तीन नारळ घेतले.

घरी गॅलरीत खुर्ची मांडली. “बस. डोळं मीट.”

लहानपणी मार्केटातून आले की आप्पा आम्हा दोघांचे डोळे टॉवेलने बांधून हा खेळ घ्यायचे. भाऊ कायम चुकायचा, मी कधीच नाही. रागात होते तरी बसले. उजव्या कानाशी नारळ हलला. “भरलेला.” दुसरा. “पाणी कमी.” तिसरा. “खवट. हा कशाला घेतलात?”

“मुद्दाम घेतला.”

मग उजव्या कानावर त्यांचा तळहात आला, खरबरीत आणि गरम. खाली रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचा आवाज दबला. मी वाट बघत राहिले.

“आप्पा, हलवा की,” मी म्हटलं.

मी डोळे उघडले. नारळ माझ्या डाव्या कानाला जवळजवळ टेकलेला होता. त्यांनी माझ्या उजव्या कानावरचा हात काढला.

“हलिवला की, पोरी,” ते म्हणाले. “तीनदा हलिवला.”

“कधीपासून माहीत होतं तुम्हाला?”

“दिवाळीपासनं वाटत हुतं. आज दुकानात पक्कं झालं. लोकांम्होरं कसं बोलू?”

दिवाळीपासून. तेव्हापासूनच तर आप्पा आपली नेहमीची खुर्ची सोडून जेवायला माझ्या उजव्या हाताला बसायला लागले होते. मला वाटायचं, म्हाताऱ्याला पंखा हवा. त्यावरून मी कुरकुरलेही होते. आता मात्र त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून मी ढसाढसा रडले, आणि ते माझ्या केसांवरून हात फिरवत “उगी, उगी” म्हणत राहिले.

कार्ड घ्यायचं राहिलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डाव्या कानाची नस कमजोर आहे, यंत्र लावू, थोडं ऐकू येईल, सगळं नाही.

रविवारी भावाला सगळं सांगितलं. नाक ओढत तो म्हणाला, “ताई, मी तुला आराम कर म्हणालो गं.”

“रडू नकोस रे बाबा, गेम सुरू कर.”

“करतो. पण आजपासून मी तुझ्या डावीकडे चालणार. तू फक्त समोर आणि उजवीकडे बघ.”

आणि दोन तास तो माझ्या डाव्या हाताला चिकटून चालला. मी थांबले की थांबायचा, पळाले की पळायचा. आप्पा खुर्ची ओढून उजवीकडे बसले होते. त्या दिवशीही मी मेलेच. पण समोरून.