स्पॅनिश मी का शिकले

माझ्या नवऱ्याने मला फसवून डुकराचं मांस खायला घातलं, तेव्हा आम्ही स्पेनमध्ये, मालागाला होतो. आम्ही आयर्लंडमध्ये, कॉर्कला राहतो; तिथून थेट विमान आहे, तीन तासांत ऊन मिळतं, म्हणून आमच्यासारखे बरेच जण तिकडेच पळतात. लग्नानंतरची ती आमची पहिली खरी सुट्टी होती. त्याने तीन महिने मोबाईलवर स्पॅनिश गिरवलं होतं, त्यामुळे खाणं मागवायचं काम त्याचं. मी एवढंच सांगितलं होतं, मांस नको, मासे नकोत, अंडं चालेल.

मी जन्मापासून शाकाहारी नाही. एकोणीस वर्षांची असताना आई अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होती. हॉस्पिटलच्या जिन्यात बसून मी मनाशी म्हटलं, आई घरी आली तर आयुष्यात पुन्हा मटण-मासे तोंडात घालणार नाही. मला मटण जिवापाड आवडायचं, म्हणून मांसाहारच सोडला. आई घरी आली. मी केमिस्ट आहे. आईला औषधांनी वाचवलं हे मला कळतं. पण शब्द दिला तो दिला. लग्नाआधी हे मी त्याला सगळं सांगितलं होतं. तेव्हा त्याने माझा हात हातात घेतला होता.

बंदराजवळच्या एका छोट्या हॉटेलात क्रोकेता आल्या. लांबट, कुरकुरीत, आतून मऊ.

"बटाटा आणि चीज आहे," तो म्हणाला.

मी पाच खाल्ल्या. धुरकट चव होती; मला वाटलं, चीजच तसलं असेल. मान वर केली तर त्याने मोबाईल माझ्यावर धरलेला.

"कशा लागल्या?"

"भारी!"

"हॅम आहे ते."

शेजारी उभा असलेला वेटरही हसला. मी उठून बाथरूममध्ये गेले, घशात बोटं घातली. बाहेरून दारावर टकटक करत तो म्हणाला, "अगं, एवढं काय त्यात? ठणठणीत आहे ना तुझी आई?"

तीन आठवड्यांनी आई न्हाणीघरात घसरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. तिच्या पडण्याचा त्या हॅमशी काही संबंध नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. फोन ठेवून मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो म्हणाला, "आता ह्याचंही खापर माझ्यावर फोडू नकोस." मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. सूड घ्यायचा हे मी त्याच क्षणी ठरवलं. कसा, ते ठरायला वेळ लागला.

तोवर तो किस्सा कॉर्कभर झाला. वाढदिवस, बार्बेक्यू, गणपती, चार मराठी माणसं जमली की कोणीतरी म्हणायचं, "ते पाच क्रोकेतावालं दाखव ना." मग मोबाईल हातोहात फिरायचा. त्यात मी डोळे मिटून "भारी!" म्हणत असायचे. सगळे हसायचे. मीही हसायचे, आणि मग भांडी घासायच्या निमित्ताने आत जायचे.

आमच्या लॅबमध्ये स्पेनमधल्या लिओनची एक बाई आहे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. एकदा जेवताना तिला मी हे सांगितलं. तिने काटा खाली ठेवला. "आणि तू अजून त्याच्यासाठी स्वयंपाक करतेस?"

त्या दिवसापासून ती रोज जेवणाच्या सुट्टीत मला स्पॅनिश शिकवू लागली. जाता-येता बसमध्ये मी कानात हेडफोन घालून पुटपुटत असायचे. वही स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, डाळींच्या डब्यांमागे असायची. ते कपाट त्याने आयुष्यात उघडलं नव्हतं.

एकदा तिने विचारलं, "त्याला काय चालत नाही?"

"सगळं चालतं," मी म्हटलं. मग आठवलं. त्याला रक्त बघवत नाही. तपासणीसाठी रक्त द्यायचं तर आडवा पडून, डोळे गच्च मिटून देतो, तरी घामाघूम होतो.

ती इतक्या मोठ्याने हसली की कॅन्टीनमधले लोक वळून बघायला लागले. "मग त्याला माझ्या गावाला घेऊन जा."

दहा महिन्यांनी आम्ही लिओनला गेलो. दगडी गल्ल्या आणि दोन्ही बाजूंना खाण्याची दुकानं. त्याने ऐटीत सुरुवात केली. वेटर भराभर काहीतरी बोलला आणि हा गडबडला. मग मी बोलले. मला तोर्तिया, बटाटा आणि अंड्याचं, मांसाचा कणही नको. ह्याला मोर्सिया, आणि मी सांगेपर्यंत ते काय आहे हे ह्याला कळू देऊ नका.

वेटरने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "हनिमून का?"

"नाही. सूड."

त्याने मान लववली आणि पाव जास्त आणला.

नवरा माझ्याकडे बघतच राहिला होता. "तू कधी शिकलीस?"

"बसमध्ये."

लिओनची मोर्सिया काप करून येत नाही. बशीत पसरलेली, काळीभोर, गरम येते आणि पावावर लावून खातात. त्याने एक घास घेतला, दुसरा घेतला. "वांगं आहे का गं? भरतासारखं लागतंय."

"कांदा भरपूर आहे," मी म्हटलं. ते खरंच होतं. त्याच्यासारखं खोटं मला बोलायचं नव्हतं.

त्याने पावाने बशी पुसून घेतली. मी मोबाईल वर धरला.

"कसं लागलं?"

"भारी!"

"रक्त आहे. डुकराचं. कांदा घालून शिजवलेलं."

आधी तो हसला. मग त्याने बशीकडे पाहिलं, मग आपल्या बोटांकडे. ओठ पांढरे पडले, कपाळावर घाम फुटला आणि तो खुर्चीवरून घसरत खाली गेला. वेटर पाणी घेऊन धावला. शेजारच्या टेबलावरची बाई मेनूकार्डाने वारा घालू लागली. बायकोने घाबरायला हवं होतं. मी घाबरले नाही. तो शुद्धीवर आलेला दिसल्यावर मी उरलेली तोर्तिया संपवली. उत्तम होती.

हॉटेलच्या खोलीत तो पलंगावर पडून म्हणाला, "मला रक्ताचं काय होतं हे तुला माहीत होतं."

"हो. माझंही तुला माहीत होतं."

तो उठून बसला. "झालं समाधान?"

"नाही. अजून गणपती यायचाय."

गणपतीला हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती. कोणीतरी "पाचवालं" मागितलं. मी म्हटलं, "आता नवीन बघा," आणि माझा मोबाईल पुढे केला. लोक पोट धरून हसले. तो प्रसादाचा द्रोण हातात घेऊन भिंतीशी उभा राहिला, आणि आरतीलाही न थांबता गाडीत जाऊन बसला. मी शेवटपर्यंत थांबले. दुसऱ्यांदा मोदकही घेतले.

मग एका रविवारी त्याने मला न विचारता आईला फोन केला. मालागात काय केलं ते सगळं सांगितलं, आणि माफी मागितली. मी ते नवसाचं आईला कधीच बोलले नव्हते. हे त्याला ठाऊक नव्हतं. पंधरा वर्षं ती समजत होती की मला मटणाचा कंटाळा आला.

पाच मिनिटांत तिचा मला फोन आला. "माझ्यासाठी सोडलंस? कोणी सांगितलं होतं गं तुला?" ती रडत होती. मग नाक पुसून म्हणाली, "आणि त्याने हसत हसत मोडलं?"

"हो."

"बरं."

त्यानंतर ती त्याच्याशी बोललेली नाही. व्हिडिओ कॉलवर तो समोर आला की म्हणते, "तिला दे." तो मोबाईल माझ्या हातात देतो आणि खोलीबाहेर जातो. मध्यंतरी त्याने मला विचारलं, "तू सांग ना त्यांना, झालं गेलं म्हणून." मी म्हटलं, सांगते. अजून सांगितलेलं नाही.