खुटबावचा गप्प भोंगा

खुटबावच्या इनुस मिस्त्रींची थोरली लेक आसमीन हिला पगार मिळायचा तो लोकांना समजावून सांगण्याचा. शिरूरच्या एका कंपनीत ती मार्केटिंगला होती. उसाच्या कडेला खांब, खांबावर कॅमेरा, कॅमेऱ्यात एआय आणि बिबट्या दिसला की बोंब ठोकणारा भोंगा, असा त्या कंपनीचा माल. शिरूर-दौंडच्या उसात बिबट्या कोणाला नवीन नाही. नवीन होतं ते एआय, आणि ते लोकांच्या गळी उतरवणं हे आसमीनचं काम.

या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मोटर का जळली हे इनुस मिस्त्री सांगायला लागले की गिऱ्हाईक चक्रावून जायचं. मग ही परकरातली पोर पुढं होऊन दोन वाक्यांत सांगायची आणि गिऱ्हाईक मान डोलवत घरी जायचं. तीच कला आता कामाला येत होती. शिरूरला बड्या बागायतदारांपुढे ती पडद्यावर आकडे दाखवायची, हजारो फोटो पाहून मशीन कसं शिकतं ते सांगायची आणि शेवटी एक वाक्य टाकायची, की दबा धरून बसलेलं, अर्धवट दिसणारं जनावर मशीनला ओळखता येईलच असं नाही. वरवंडच्या दुकानदारांपुढे हे वाक्य ती जरा पुटपुटून घ्यायची, कारण दुकानदाराला माल विकायचा असतो, शंका विकायच्या नसतात. आणि गावातल्या बायांपुढे ते वाक्य पार गळून जायचं. तिचे साहेब इंद्रजीत म्हणायचे, अवघड गोष्ट सोपी करायची म्हणजे फांद्या छाटायच्या. साहेबांनी जन्मात कधी झाड छाटलं नव्हतं, पण आसमीनला ते पटलं होतं.

खुटबावला खांब बसले तेव्हा देवळापुढे बाया जमल्या. त्या दिवसांत शेतात जाताना बाया गळ्यात खिळे ठोकलेला पट्टा घालायच्या, बिबट्या मानेलाच धरतो म्हणून. जनावरांसाठी घास कापायला कोणी एकटी जात नसे. तिघी-चौघी निघायच्या, मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावायच्या आणि एकजण काही न कापता नुसती काठी घेऊन उभी राहायची. या बायांना एआय कसं सांगावं? आसमीननं डोकं चालवलं. घरोघरी असतं तसलं बिबट्याच्या ठिपक्यांचं ब्लँकेट तिनं कंपनीच्या जालिंदर मेकॅनिकच्या अंगावर टाकलं आणि त्याला कॅमेऱ्यापुढे रांगायला लावलं. भोंगा असा बोंबलला की देवळावरची कबुतरं उडाली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. शेजारच्या कस्तुराबाई, ज्यांच्या अंगाखांद्यावर आसमीन वाढली होती, त्यांनी तर हसून हसून डोळे पुसले.

त्या हसण्यात धनश्री नावाच्या नव्या सुनेनं विचारलं, "आन् वाजला न्हाई तर?"

खरं उत्तर आसमीनला माहीत होतं. पण इतका रंगलेला खेळ मोडवेना. ती म्हणाली, "वाजला न्हाई म्हंजी बिबट्या न्हाई."

थंडीच्या दिवसांतली गोष्ट. शिरूरच्या ऑफिसात दुपार कलल्यावर जालिंदर लॅपटॉप घेऊन तिच्या टेबलाशी आला. आदल्या संध्याकाळचं खुटबावचं चित्रण होतं. कस्तुराबाईंच्या घासाच्या वाफ्याशेजारी, बांधाच्या गवतात काहीतरी पोट जमिनीला टेकवून बसलं होतं. मशीननं त्याभोवती चौकोन काढून वर लिहिलं होतं, कुत्रा. ठिपके गवतात झाकले गेले होते, पण लांब शेपूट आसमीननं ओळखली. ब्लँकेटाला बिबट्या म्हणणारं मशीन बिबट्याला कुत्रा म्हणत होतं. त्याला बिबट्या कधी कळलाच नव्हता, ठिपके तेवढे कळले होते.

वनखात्याला कळवायला तिनं जालिंदरला सांगितलं आणि कस्तुराबाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. इनुस मिस्त्री मोटर घेऊन दौंडला गेलेले. तिनं आईला लावला. मदिनाबी निवांत होती. कस्तुराबाई घासाला गेली, म्हणाली, एकटीच, रोजच जाते आताशा. पट्टे तर बायांनी कधीच काढून खुंटीला अडकवले, मानेला काचतात मेले.

"अम्मी, तिला बोलवून घे. तिथं बिबट्या हाय."

"भोंगा कुठं वाजला?"

"तो चुकतो, अम्मी."

मदिनाबी म्हणाली, "वाजला न्हाई म्हंजी न्हाई, असं तूच म्हणली व्हतीस." आणि लेकीचा आवाज रडवेला ऐकून तिला काय वाटलं कोण जाणे, बरं, मी जाते बघायला, असं म्हणून तिनं फोन ठेवला. आसमीननं पुन्हा लावला, पुन्हा पुन्हा लावला. मदिनाबी फोन घरात ठेवून निघाली होती. म्हणजे वाफ्यावर एक बाई होती, तिथं आता दोन झाल्या, आणि दुसरीला हिनं स्वतः धाडलं.

तिनं स्कूटी काढली आणि न्हावऱ्याच्या रस्त्याला लावली. इतकी ती आयुष्यात कधी घाबरली नव्हती. दोन्ही बाजूंना ऊस, आणि प्रत्येक सरीतून काहीतरी बघतंय असं वाटायचं. ऊसतोड्यांच्या बैलगाड्या आडव्या येत होत्या, त्यांना ती वेड्यासारखी हॉर्न देत होती. डोळ्यांपुढे एकच दिसत होतं, घास कापायला वाकलेल्या दोन माना, उघड्या. तोंडानं अल्लाचं नाव चाललं होतं आणि मधेच तेच वाक्य येत होतं, वाजला न्हाई म्हंजी न्हाई. पारगावच्या पुलावर सूर्य नदीला टेकला होता. तिला ते बघवेना.

गावाबाहेरच्या पाणंदीला ती वळली तेव्हा दिसेनासं होत आलं होतं. समोरून दोघी येत होत्या. कस्तुराबाईंच्या डोक्यावर घासाचा भारा, मदिनाबी मागं विळा हलवत काहीतरी सांगत होती. आसमीनला हुंदका फुटला. आणि तेवढ्यात स्कूटीच्या उजेडात, त्या दोघींच्या आणि तिच्या मधोमध, कंपनीच्या खांबाच्या बुडाशी, दोन डोळे चमकले.

तिनं हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. दोघी जागीच थबकल्या. भारा खाली पडला. मदिनाबीनं विळ्यानं शेजारचा पाण्याचा लोखंडी पाइप बडवायला सुरुवात केली. बिबट्या उठला, त्यानं तिघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि तो घाई नसल्यासारखा उसात शिरला. पाचट कितीतरी वेळ वाजत राहिलं.

वर खांबावर भोंगा गप्प होता.

कस्तुराबाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्या आसमीनवर रागावल्या असत्या, चार शिव्या घातल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं. पण त्यांच्या तोंडावर नुसतं नवल होतं.

"वाजला न्हाई गं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आसमीन देवळापुढे उभी राहिली. साहेबांना विचारलं नव्हतं, पडदा नव्हता, ब्लँकेट नव्हतं. गळ्यात आईचा खिळ्यांचा पट्टा होता. समोर बसलेल्या बायांनीही आपापले पट्टे खुंटीवरून काढून आणले होते. धनश्रीकडे बघून ती म्हणाली, तू मागं विचारलं होतंस त्याचं उत्तर द्यायला आलेय.

"वाजला तर पळा. न्हाई वाजला तर त्याचा काईच अर्थ धरू नका. त्याला समदंच दिसत न्हाई, आन् जे दिसलं न्हाई ते त्याला सांगताबी येत न्हाई. पट्टे काढू नका. एकटं जाऊ नका."

कोणी हसलं नाही. धनश्रीनं पट्ट्याचं बक्कल नीट लावलं आणि म्हणाली, "एवढंच व्हय? हे तर आमाला तवाबी कळलं असतं."