जबड्यातला तुटका स्क्रू

मुरगाव बंदरात क्रेनच्या दुरुस्तीवर माझी सगळी नोकरी झाली. निवृत्त होऊन डिचोलीजवळ सर्वणला घरी आलो आणि वर्षभरातच उजवीकडची खालची दाढ काढावी लागली. तिच्या जागी डिचोलीच्या डॉक्टरने इम्प्लांट बसवलं. ती मूळची कोरगावची, माझ्या मुलीच्या वयाची. हाडात टायटॅनियमचं मूळ, त्यात बारीक स्क्रूने आवळलेला खुंट आणि खुंटावर दाढ, असं तिने मला नीट समजावलं होतं. "स्क्रू किती आवळणार?" असं मी विचारल्यावर ती हसली आणि ठरलेल्या जोराला टक् वाजणारा आपला चिमुकला टॉर्क पाना तिने माझ्या हातात दिला.

चार वर्षं मी त्या दाढेने सगळं खाल्लं. मग एका सकाळी चहाबरोबर उंडा, आपला जाड सालीचा गोल पाव, खाताना त्याची कडक कड चावली आणि दाढ हलली. अगदी केसभर. मी चावायचा थांबलो. समोर बायको बसली होती, तिला काही बोललो नाही.

दोनच शक्यता होत्या. आतला स्क्रू ढिला झाला असेल, तर काम सोपं. मूळच हाडातून सुटलं असेल, तर सगळं गेलं. ढिल्या बोल्टावर मशीन चालवणाऱ्याला मी बंदरात फैलावर घेत असे, आणि आता स्वतः नऊ दिवस डावीकडे चावत राहिलो. जीभ मात्र सारखी तिथेच जायची. दहाव्या दिवशी बायकोने ताट पुढे करत विचारलं, "उजवीकडे का खात नाय तुम्ही?" त्याच दिवशी आम्ही स्कूटरवरून डिचोलीला गेलो.

डॉक्टरने एक्स-रे काढला आणि बराच वेळ पाहिला.

"मूळ पक्कं आहे, काका. पण स्क्रू तुटलाय. खालचा तुकडा आत अडकलाय."

"निघाला नाय तर?"

"आतले आटे खराब झाले, तर अख्खं मूळ हाड कोरून काढावं लागेल."

तिने दाढ उतरवली, डोळ्यांवर भिंगं चढवली आणि एका यंत्राचं थरथरणारं बारीक टोक आत घातलं. त्याचा आवाज कानाने नाही, हाडातूनच ऐकू येत होता. असला तुटका बोल्ट एकदा मी घाईत काढायला गेलो होतो. ड्रिल घसरलं, आटे गेले आणि सगळा जोड कापून काढावा लागला. ते आठवलं आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

टोक घसरलं. तिने ते पुन्हा बसवलं. थोड्या वेळाने पुन्हा घसरलं, या वेळी जोरात. मास्कच्या वर तिच्या कपाळावर घाम दिसत होता. मी हात वर केला.

"दुखतंय का?"

"नाय. बाय, तू जरा हात मोकळा कर. घाई कसली नाय. तुटलेल्या तुकड्यावर ताण नसतो, तो सैलच असतो. दाबू नको, नुसता फिरव."

बोलून गेलो आणि वाटलं, तिला राग येणार. तिने हातमोजे काढले, पाणी प्यायली, नवे हातमोजे घातले आणि पुन्हा माझ्यावर वाकली. किती वेळ गेला सांगता येणार नाही. शेवटी ती हळूच म्हणाली, "फिरतोय."

तांदळाच्या कणीएवढा तुकडा तिने कापसावर ठेवला. तिचं भिंग मागून घेऊन मी तो पाहिला. तुटलेला भाग अर्धा गुळगुळीत, अर्धा खरखरीत होता. असं तुटणं माझ्या ओळखीचं होतं. एका घासाने ते होत नाही. आधी ढिलं पडतं, मग रोज थोडं थोडं वाकत तडकत जातं. उंड्याचा दोष नव्हता.

"झोपेत दात खाता का, काका?" तिने विचारलं.

"नाय."

"खातात," दाराजवळच्या स्टुलावरून बायको म्हणाली. "तो माणूस क्रेनवरून पडला तेव्हापासून."

माझ्याबरोबर काम करणारा माणूस माझ्या डोळ्यांसमोर वरून पडून मेला होता. त्याला अकरा वर्षं झाली. घरी मी त्याबद्दल दोन वाक्यांपलीकडे कधी बोललो नव्हतो. बायको विसरली असेल, असंच मी धरून चाललो होतो.

डॉक्टर वळली आणि नवा स्क्रू घेऊन आली. पान्याचा टक् आवाज झाला. झोपताना दातांवर चढवायला एक कवच करून देते, म्हणाली.

परतताना मी रस्त्याच्या कडेला स्कूटर थांबवली. "इतकी वर्षं सांगितलं का नाय?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले," ती म्हणाली.

तिथेच उभ्याउभ्या मी तिला सगळं सांगितलं. त्या दिवशी वर कोण चढणार यावरून आमचं काय बोलणं झालं, तेसुद्धा. ती ऐकत राहिली.

स्क्रू अजून टिकून आहे. कवचावर मात्र वर्षभरात दातांच्या खुणा उमटल्या आहेत. डॉक्टर म्हणते, दात खाणं पहिल्यापेक्षा कमी आहे. उजवीकडे चावताना मी अजून कानोसा घेतो.