बावड्याच्या उसातला चकवा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही 'आहे' म्हणायला जीभ रेटत नाही. पण हे मात्र माझ्याच बाबतीत घडलंय...

साल २००४. मी गडहिंग्लजची, माझी मैत्रीण सुजाता कागलची. कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, कसबा बावड्यात एका खोलीत राहायचो. आमचा प्रोजेक्ट भलताच — लघुग्रहाभोवती छोटा उपग्रह फिरवायचा मार्ग कॉम्प्युटरवर आखणं. लघुग्रह म्हणजे वेडावाकडा बटाटा, त्याची गुरुत्वाची ओढ सगळीकडं सारखी नसते. आमचा उपग्रह दर फेरीला आत सरकायचा आणि शेवटी आपटायचा. डोकं फोडून कसाबसा जमवला होता.

तोंडी परीक्षेच्या दुपारी सीडी घेऊन स्कूटीवर निघालो. सुजाताच्या घरी ठरलेलं — पास झाली तर नोकरी, नाहीतर आलेलं स्थळ पक्कं. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची ही रांग! म्हणून मी उसातल्या गाडीवाटेनं गाडी घातली. रोजचीच वाट हो.

थोड्या वेळानं डावीकडं एक विहीर दिसली, बिनकठड्याची. पुढं गेलो... पुन्हा तीच, जरा जवळ. तिसऱ्यांदा तर वाटेला लागूनच. दोन्हीकडं डोक्यावर गेलेला ऊस, कुठं माणसाचा आवाज नाही.

मी गाडी थांबवली. चकवा लागला की चालायचं नाही, आहे तिथं बूड टेकायचं, असं आमच्याकडं म्हणतात. मी बसलेच खाली.

"अगं ऊठ की! लगीन लावतील माझं," सुजाता रडायलाच लागली. "एकच फेरी मार, सुटंल रस्ता."

"न्हाय. दर फेरीला आत चाललोय आपण. उपग्रहाचं बघितलंस न्हवं?"

"त्यो कॉम्प्युटर हाय गं, बाई!"

चावी मी मुठीत आवळून धरली. तिनं शिव्या घातल्या, चावी हिसकायला बघितली, मग शेजारी बसून हमसू लागली. मला तिची कीव येत होती, पण उठवेना.

किती वेळ गेला देव जाणे. एकदम मागून हाक आली — "ओ पोरींनो! बहिऱ्या हायसा काय? बोंबलून घसा बसला की माझा!" उसाला पाणी पाजायला आलेले एक मामा होते. आम्ही वाट विचारली, तर ते बघतच राहिले. "वाट ही काय समोर! मघाशी विहिरीभवती गरागरा फिरत हुतासा, कशापायी?"

आम्ही वळून बघितलं. उसात नव्हतोच आम्ही... विहिरीभोवतीच्या मोकळ्या ओल्या मातीत चाकांचे गोल उमटले होते, एकात एक. सगळ्यात आतला गोल काठाला खेटून होता. त्याच्या आत फक्त पाणी.

सुजातानं माझा हात घट्ट धरला. "लगीन तर लगीन," ती म्हणाली. "जित्ती हाय की."

परीक्षा बुडाली ती बुडालीच. तुम्ही म्हणाल ऊन, टेन्शन... असेल बाबा. पण दोघींना एकच ऊस कसा दिसला, मामांची एकही हाक कशी ऐकू आली नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

लग्नात निघताना सुजाता माझ्या गळ्यात पडून रडली, सोडेचना. बायका म्हणाल्या, सासरी चाललीय, रडणारच. मी तिचा हात घट्ट धरला, त्या दिवशी विहिरीकाठी तिनं माझा धरला होता तसा.