ढेकूणताईची वेबसाइट

एका सकाळी ढेकूणताईच्या वेबसाइटवर पन्नासेक माणसं एकदम खूश झाली. आदल्या दिवसापर्यंत तिथे कुणी खूश नव्हतं आणि नाखूशही नव्हतं. आता बघावं तर कुणाचं घर स्वर्ग झालं होतं, कुणाचा संसार वाचला होता आणि एका गृहस्थांचं तर आयुष्यच बदलून गेलं होतं. ढेकूण गेल्यावर माणसाला झोप लागते, आयुष्य कशाला बदलेल? ती फोन घेऊन माझ्याकडे वर आली आणि म्हणाली, "बाई, हे वाचा. यातल्या एकाच्याही घरी मी पाऊल टाकलेलं नाही."

मी वाचलं. जन्मभर वह्या तपासलेल्या माणसाला एका मुलाचं उत्तर साऱ्या वर्गाने उतरवलेलं लगेच कळतं. प्रत्येकाच्या तोंडी 'तत्पर सेवा', प्रत्येकाच्या शेवटी 'डोळे झाकून विश्वास ठेवा'. शेंगदाणा खवट निघावा तसं माझं तोंड झालं.

ढेकूणताई माझी विद्यार्थिनी, आणि आता माझ्याच इमारतीत तळमजल्यावर राहते. तिचा नवरा ढेकूण-झुरळं मारायचं काम करायचा. वर्षानुवर्षं औषध फवारून त्याच्या छातीचा भाता फुटका झाला. आता तो खुर्चीत बसून फोन उचलतो आणि बाहेरचं सगळं काम ती करते. औषध तिने बंद केलं, वाफेचं यंत्र घेतलं. गुडघ्यांवर बसून, टॉर्च दातात धरून, लपलेले ढेकूण बाहेर काढायला ती गादीच्या शिवणीतून एक जाड पुठ्ठा इतक्या हळू फिरवते की बघणाऱ्याला जांभई यावी. ढेकूणताई हे नाव गल्लीने ठेवलं. आधी तिला ते झोंबलं, मग तिने तेच स्वतःच्या कार्डावर छापून घेतलं. शाळेतही ती अशीच होती. हुशार म्हणावी अशी नव्हती, पण गणित चुकलं की पान फाडायची नाही. त्याच्याच खाली पुन्हा करायची, आणि तेही चुकलं तर त्याच्या खाली.

तर ही खूश झालेली माणसं आणली होती तिच्या थोरल्या दिरांनी, म्हणजे त्यांनी ठरवलेल्या मार्केटिंगवाल्याने. दुकानाचा गाळा दोघा भावांच्या नावावर आहे. काम कमी झालं तसं थोरल्यांच्या मनात आलं की वेबसाइट केल्याशिवाय आता तरणोपाय नाही. इथवर ते चुकले नव्हते.

मार्केटिंगवाला गुळगुळीत माणूस होता. दर दोन वाक्यांमागे 'पहिलं पान' म्हणायचा. लोक शोधतील तेव्हा पहिल्या पानावर दिसलो तर जगलो, नाहीतर मेलो. त्याच दिवशी ढेकूणताईने त्याला दुकानात बोलावून विचारलं, मी तिथेच होते.

"ही माणसं कोण?"

"ताई, माणसं कुठली? रिव्ह्यू आहेत ते."

"पण खोटे आहेत."

"सगळ्यांचेच असतात. तुमच्याकडे खरे आहेत का? द्या, खरे टाकतो."

खरे तिच्याकडे नव्हतेच. या धंद्याची गंमत अशी की काम जितकं चांगलं, तितकं गिऱ्हाईक मुकं. हलवायाचं कौतुक लोक चारचौघांत करतात, शिंप्याचं करतात. आपल्या अंथरुणात ढेकूण झाले होते आणि अमक्या बाईने ते छान मारले, हे सही करून जगाला कोण सांगेल? तिने ज्यांची घरं निस्तरली, ती माणसं जिन्यात भेटली तर भिंतीकडे बघत उतरतात. म्हणजे या एका धंद्यात ज्याच्याकडे शेकडो रिव्ह्यू, तो शेकडो वेळा खोटारडा. हे मला त्या दिवशी उमगलं आणि नंतर मी इतर कंपन्यांची पानं बघितली, तेव्हा अंगावर काहीतरी सरपटल्यासारखं वाटलं.

तरी त्या वेळी तिने ते राहू दिलं. दिरांनी पदरचे खर्चले होते, नवऱ्याने "जाऊ दे, सगळेच करतात" म्हटलं. फोन वाजायला लागले हेही खरं.

त्यातलाच एक फोन एका बाळंतिणीचा होता. ढेकूणताई यंत्र घेऊन तिच्याकडे गेली. खोलीत पलंग नव्हता. तो मोडून खाली कचऱ्यात टाकला होता. पडदे नव्हते, गाद्या नव्हत्या. पाळणा रॉकेलने पुसलेला होता आणि त्या वासात बाळ रडून रडून निळं पडलं होतं. आईने रडतच फोन पुढे केला. त्यावर एका तान्ह्या बाळाच्या गालावर खेकड्याएवढा ढेकूण बसलेला, आणि खाली लाल अक्षरं: 'आज दुर्लक्ष कराल, तर उद्या रडाल!' पान ढेकूणताईच्या वेबसाइटचंच होतं. पण हे पान तिने आजवर उघडूनही पाहिलेलं नव्हतं.

त्या घरात ढेकूण नव्हता. बाळाला घामोळं आलं होतं.

ती परत आली ती थेट माझ्या दारात. आत ये म्हटलं तरी आली नाही. "बाई," ती म्हणाली, "ढेकणाची मला कधी किळस आली नाही. काल-परवापर्यंत पोटासाठी हातात घेत आले. आज किळस आली. माझंच नाव वाचून आली."

दुसऱ्या दिवशी तिने सगळं पुसून टाकलं. खूश माणसं, खेकडा, लाल अक्षरं, पांढऱ्या सोफ्यावर हसणारं कुठलंसं परकं कुटुंब, सगळं. वेबसाइटवर तिचं नाव आणि फोन नंबर एवढंच उरलं, आणि शोधणाऱ्यांना तेही दिसेना. फोन बंद पडल्यासारखा गप्प झाला.

थोरले दीर आले ते पायरीवरूनच बोलत आले. "स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतलास! आता ऐक. उन्हाळा संपेपर्यंत तुझी हौस चालू दे. तोवर काम आलं नाही, तर गाळा आणि हा नंबर कंपनीला देऊन टाकायचा. ते मागतायत."

"कुठली कंपनी, भाऊजी?"

तर ती ढेकूण-झुरळं मारणारीच एक मोठी कंपनी, आणि तिचा मार्केटिंगवालाही हाच. मला त्या माणसाची शिसारी आली. दोन्ही ताटांत जेवत होता.

नंबर जाणं म्हणजे काय, हे सांगायला हवं. गाळा गेला तर दुसरा मिळतो. पण तो नंबर तिच्या नवऱ्याने तरुणपणापासून घरोघरी दिलेला, आणि आता त्याच्या आयुष्यात काम म्हणून उरलेलं होतं ते तेवढंच: घंटा वाजली की उचलायचं.

ढेकूणताई शिकायला बसली. वाचनालयातल्या संगणकावर, फुकटचे धडे बघत. शब्द अडला की माझ्याकडे यायची. निम्मे मलाही कळायचे नाहीत. तिने पहिलं पान लिहिलं ते असं सुरू झालं: 'ढेकूण हा निशाचर कीटक असून...' मला फार आवडलं. कुणीही ते वाचलं नाही. तिने दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. लोक येतात किती, थांबतात किती, हे बघायला ती शिकली. आणि दिसलं काय, तर येणारा दारातूनच परत फिरतो.

उत्तर सापडलं ते तिच्या नवऱ्याच्या खुर्चीत. एकदा जेवताना तो म्हणाला, "तू सगळीकडे ढेकूण-ढेकूण लिहितेस. मला फोनवर तो शब्द कुणीच बोलत नाही."

"मग काय बोलतात?"

"म्हणतात, गादीच्या कडेला काळे ठिपके दिसतात, ते कशाचे? म्हणतात, चावल्याचे डाग एका रांगेत का उठतात? एक जण तर म्हणाला, मित्राच्या घरी असं असं झालंय. मित्र म्हणे!"

ज्याच्या घरात ढेकूण झालेत, तो माणूस हा शब्द शेवटपर्यंत टाळतो. शोधतानासुद्धा टाळतो, एकटा असला तरी. हे कळल्यावर तिने नवऱ्याच्या कानावर पडलेल्या एकेका प्रश्नाचं एकेक पान केलं. उत्तर पहिल्याच ओळीत. फोटो स्वतः काढलेले: शिवणीवरचे ठिपके, टाकलेल्या काती, लाकडाच्या फटीत चिकटवलेली अंडी. ते बघून मी तोंड फिरवलं. ती म्हणाली, "किळस येऊ दे, बाई. पण आकार खरा आहे. बाजूला तांदळाचा दाणा ठेवलाय." एका पानावर सरळ लिहिलं: असं दिसलं तर ते घामोळं आहे, आम्हाला बोलवू नका.

यात दिवस गेले, आणि दिवस फुकट गेल्यासारखेच गेले. पान लिहायचं, लोक कुठे सोडून जातात ते बघायचं, तिथलं वाक्य काढायचं, पुन्हा वाट बघायची. दीर जाता-येता विचारायचे, "काय गं, आली का पहिल्या पानावर?" जाऊ म्हणायची, "आमच्या धाकट्या जाऊबाई आता लेखिका झाल्यात." ती उलट बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "जाऊबाई, तुमच्या माळ्यावरची गादी एकदा बघून जाईन म्हणते." जाऊ दोन आठवडे इकडे फिरकली नाही.

मग तिने एक वेगळंच पान लिहिलं. त्यात होतं: 'आमच्याकडे एकही रिव्ह्यू नाही. तुमच्या घरात काय झालं होतं, हे जगाला सांगायला आम्ही लावत नाही. आमच्या गाडीवर नाव नाही. जिन्यात कुणी विचारलं, तर ज्यांनी बोलावलं त्यांना विचारा, एवढंच सांगतो.'

फोन वाजू लागला. धो धो नाही; पण दिवसाआड, मग रोज. शोधणाऱ्यांना ती वरच्या ओळींत दिसू लागली. उन्हाळा अजून बाकी होता.

आणि एका दुपारी थोरले दीर दुकानात आले, खुर्ची ओढून बसले आणि फोन तिच्यापुढे धरला. "घे. कंपनी बघ. तुझ्या वर."

मीही वाकून पाहिलं. कंपनीच्या वेबसाइटवर तिची पानं एकाखाली एक चिकटवलेली होती, अक्षरन् अक्षर. काळे ठिपके, काती, तांदळाचा दाणा, आणि फोटोच्या कोपऱ्यात तिचा स्वतःचा, नख काळं पडलेला अंगठा. 'आमच्याकडे एकही रिव्ह्यू नाही,' हे वाक्य तसंच्या तसं. आणि त्याच्या खाली, त्याच पानावर, शेकडो माणसं खूश झालेली. उतरवताना काय उतरवतोय हे वाचायचेही कष्ट कुणी घेतले नव्हते.

लबाडीची किळस येतेच, पण इतक्या आळशी लबाडीची जास्त येते. ढेकूणताई बराच वेळ आपल्याच अंगठ्याकडे बघत राहिली.

"चोरलंय," तिचा नवरा म्हणाला.

"चोरलंय तर चोरलंय," दीर म्हणाले. "लोकांना वर दिसतं ते. तू एक पान लिहिणार, ते दुसऱ्या दिवशी उचलणार. किती दिवस पुरणार आहेस? दे तो नंबर आता, अजून किंमत आहे तोवर."

"मी परवा नवीन पान लिहिणार आहे," ती म्हणाली.

"तेही उचलतील!"

"मग त्याच्या पुढचं."

तेवढ्यात फोन वाजला. नवऱ्याने उचलला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. मुलींच्या एका वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. आधी मैत्रिणीचं वसतिगृह म्हणाल्या, मग स्वतःचं. नवऱ्याने सवयीने विचारलं, "आमचं नाव कुठून मिळालं?"

"दोन ठिकाणी एकच मजकूर दिसला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण त्या दुसऱ्यांकडे एवढ्या लोकांनी लिहिलंय की मला भीती वाटली. उद्या माझ्याही नावाने लिहितील. तुमच्याकडे खरंच कुणी नाही ना?"

"कुणीच नाही," ढेकूणताई म्हणाली. "सगळ्या खोल्यांच्या चाव्या मात्र लागतील. एकही खोली सोडून चालत नाही."

दिवस ठरला. दिरांनी मिशी चाचपली. मग म्हणाले, "वसतिगृह म्हणजे मोठं काम. मी काय म्हणतो, साइटवर एक माझा फोटो टाक. मालक म्हणून. घरातलं मोठं माणूस दिसलं की विश्वास बसतो."

आताच्या आता त्या माणसाला बाहेर घालवावं असं मला वाटलं. ढेकूणताईने मात्र तोंडावरची रेषाही हलू दिली नाही.

"टाकते की, भाऊजी. कुठल्या पानावर टाकू? अंड्यांच्या, की कातींच्या?"

तिचा नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि हसू थांबलं तरी ठसका थांबेना. ती वाफेचं यंत्र सोडून धावली. पण माठ होता दिरांच्या मागे, त्यामुळे पाणी घेऊन आले ते तेच. भावाची पाठ चोळत, खाली बघत त्यांनी विचारलं, "मग कंपनीला काय सांगू?"

"नंबर चालू आहे म्हणावं," ती म्हणाली.